सावली भिंतीला टेकेपर्यंत

पेल्टन गावातल्या निम्म्याअधिक झोपायच्या खोल्या माझ्या लॉन्झोमामानं सजवल्या, पण त्या गावात तो एक रात्रही झोपला नाही. थांबा, चुकलं. सहा वर्षांचा होईपर्यंत झोपला होता. जन्मच तिथला त्याचा. पण ती वर्षं तो स्वतः कधी धरत नसे, आणि गावानं तर ती केव्हाच पुसून टाकली होती.

मामाचा धंदा भिंतींना कागद लावण्याचा. वेलबुट्टीचे कागद, पट्ट्यांचे कागद, पोरांच्या खोलीसाठी घोडे नि होड्या असलेले कागद. त्याच्या कपड्यांना कायम पिठाच्या खळीचा आंबूस वास यायचा. आम्ही काळी माणसं राहायचो नदीकाठच्या सखल भागात. बॉटम म्हणतात त्याला, कारण पूर आला की पहिलं पाणी आमच्याच चुलीत. पेल्टन वर टेकाडावर, गोऱ्यांचं गाव. मध्ये एक ओढा, ओढ्यावर पूल, आणि पुलाच्या पलीकडच्या टोकाला एक खांब. त्या खांबावर माझ्या लहानपणी पाटी होती. आम्हाला हाक मारायचा जो शब्द तिच्यावर होता तो मी लिहिणार नाही, माझ्या आईनं मला साबणानं तोंड धुवायला लावलं असतं. बाकीचा मजकूर एवढाच, की सूर्य मावळल्यावर पेल्टनमध्ये दिसू नका.

दिवसा चालायचं. दिवसा कपडे धुवायला, कोंबड्या साफ करायला, भिंती सजवायला आम्ही हवेच होतो. मामा सकाळी गिऱ्हाईकाच्या घरी गेला की आधी खोली बघायचा नाही, खिडकी बघायचा. पश्चिमेची असेल तर त्याला बरं वाटायचं, काम करता करता उन्हावर नजर ठेवता यायची. हिवाळ्यात एका खोलीला दोन दिवस लागायचे, उन्हाळ्यात तेवढीच खोली एका दिवसात व्हायची, आणि पेल्टनच्या बायकांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं की भिंती करायच्या तर मेमध्येच करा म्हणायच्या, लॉन्झो मेमध्ये स्वस्त पडतो.

क्रेब्स नावाच्या बाई होत्या, डॉक्टरांची बायको. मनानं वाईट नव्हत्या. एकदा त्यांच्या दिवाणखान्यात शेवटचा पट्टा राहिला होता. खळ लावून झालेली, कागद शिडीवर लोंबतोय, आणि खिडकीतलं ऊन पिवळं झालं. मामानं ब्रश बादलीत टाकला आणि हॅट घेतली. हॅट हे त्याचं पहिलं काम. कोट नंतर, बादली नंतर, आधी हॅट डोक्यावर.

"अरे लॉन्झो, हातभर तर राहिलंय!" क्रेब्सबाई म्हणाल्या. "पाच मिनिटांचं काम. मी चौकीवर मार्शलला फोन करून सांगते ना, की तू माझ्याकडे आहेस."

"हो बाईसाहेब. उद्या पहिलं तेच करतो."

"उद्या पाहुणे यायचेत माझ्याकडे! कागद वाळून चोळामोळा होईल."

"हो बाईसाहेब," मामा म्हणाला, आणि तोवर तो पायऱ्यांवर होता.

सकाळी तो पट्टा खाली पडून जमिनीला चिकटला होता. त्याचे पैसे मामानं भरले. हा किस्सा तो आम्हाला हसत हसत सांगायचा, क्रेब्सबाईंचा आवाज काढून. आम्हीही हसायचो. माझी आई, म्हणजे त्याची धाकटी बहीण आयडेला, ती मात्र हसायची नाही. उठून भांडी घासायला लागायची.

आता त्या कपाबद्दल सांगते.

मामाच्या स्वयंपाकघरात, खिडकीवरच्या फळीवर, एक निळ्या काठाचा चिनीमातीचा कप होता. माझ्या आठवणीत त्यातून कुणी कधी काही प्यायलं नाही. मी लहानपणी एकदा हात लावला तर रुबीमामीनं हातावर चापट मारली होती. कप माझ्या आजीचा, हेस्टरचा. आजी मेली तेव्हा मामा सहा वर्षांचा आणि माझी आई कडेवरची. तेव्हा पेल्टनमध्ये आमची बरीच घरं होती, शाळा होती, छोटं चर्च होतं. आजीला गावच्याच दफनभूमीत पुरलं. आमच्या लोकांची ओळ अगदी शेवटची, मागच्या दगडी भिंतीला लागून.

आमच्यात रीत आहे. मेलेल्या माणसानं शेवटी जे भांडं वापरलं ते त्याच्या थडग्यावर नेऊन ठेवायचं, आणि ठेवण्याआधी त्याचं बूड फोडायचं. कप असो, ताट असो, दिव्याची काच असो. फोडलं की ते भांडंही मेलं, मग ते माणसासोबत जातं. न फोडता घरात राहिलं तर मेलेलं माणूस ते शोधत येतं, आणि येतं ते रिकाम्या हातानं परत जात नाही. शहाणी माणसं हसतात ह्याला. मीही हसायची. हसून झालं की माझ्या आईची काचेची बशी नेऊन तिच्या थडग्यावर फोडून आले, त्यात काय.

तर थडग्याची माती जरा बसू द्यायची आणि मग कप न्यायचा, असं आजोबांनी ठरवलं होतं. माती बसायच्या आतच गावात काहीतरी झालं. काय झालं ते बॉटममध्ये दहा जण दहा तऱ्हांनी सांगतात. कुणी म्हणतं गिरणीवाल्याच्या घरी चोरी, कुणी म्हणतं आमच्यातल्या एका पोरानं रस्ता सोडला नाही म्हणून. आमच्यातल्या एकाला झाडाला लटकवलं, शाळा जाळली, आणि दुपारी घरोघर निरोप आला की आज सूर्य मावळायच्या आत बाहेर पडा. मामा तेव्हा त्या कपातून ताक पीत बसला होता. आजोबांनी त्याला तसाच उचलून गाडीत टाकला. पूल ओलांडल्यावर बघतात तर पोराच्या हातात कप. एक टवकासुद्धा उडाला नव्हता.

ह्या एका गोष्टीनं माझ्या मामाचं आयुष्य खाल्लं. मोठा झाल्यावर तो रोज त्या गावात कामाला जायचा, दुपारच्या सुट्टीत भाकरी खायला म्हणून दफनभूमीतही जाऊन यायचा, पण कप नेऊ शकत नव्हता. कारण आमच्या ओळीतल्या खुणा लाकडी होत्या. त्या कुणी उपटल्या, कुणी चुलीत घातल्या, देव जाणे. उरली होती भिंतीलगतची गवताची एक लांबच लांब पट्टी. तिच्यात तीस-चाळीस माणसं झोपलेली, आणि त्यातली त्याची आई कोणती?

"कुठेही ठेव ना," मी एकदा म्हटलं होतं. तेव्हा मी नवीनच शाळेची बस चालवायला लागले होते आणि मला सगळ्याच प्रश्नांची उत्तरं येत होती.

"कुठेही?" मामा म्हणाला. "उद्या तुझं जेवणाचं ताट मी शेजारच्या बाईपुढे ठेवतो. चालेल?"

जागा ओळखायची एक खूण त्याच्याजवळ होती, आणि तीच तर गोम होती. आजीला पुरलं ते मेच्या अखेरीला, संध्याकाळी, कारण खड्डा खणणारी माणसं गिरणीतून सुटून आली होती. मामाला आठवत होतं, की पाद्री बोलत होता, ऊन तिरपं झालं होतं, आणि पलीकडच्या लूथरन चर्चच्या उंच मनोऱ्याची सावली गवतावरून सरकत सरकत आली. तिचं टोक भिंतीला टेकलं. टोकावरचा क्रूस भिंतीवर दिसला, आणि त्याच्या बरोबर खाली आईचं डोकं होतं. पोरानं मनात म्हटलं होतं, बरं झालं, आईच्या उशाशी क्रूस आला. मे महिन्याच्या अखेरीला ऊन त्याच जागी येतं. मनोरा जागेवर होता, भिंत जागेवर होती. दरवर्षी चार-पाच दिवस सूर्य माझ्या आजीचं थडगं बोटानं दाखवत होता, ते बरोबर मावळता मावळता. आणि त्याच वेळी मामाला पुलापलीकडे असायला लागायचं.

"क्रेब्सबाईंना सांगायचंस, बघून या म्हणून," मी म्हणाले.

"माझ्या आईची जागा मी दुसऱ्याच्या डोळ्यानं बघू?" एवढंच म्हणाला आणि विषय संपला.

त्याची बायको रुबी गेली, पोटातल्या गाठीनं. त्याचा मुलगा क्लाइड नदीत बुडाला. प्रत्येक वेळी मामा दफन करून घरी आला आणि त्या फळीसमोर उभा राहिला. संध्याकाळी त्याच्याकडे गेलं की तो मध्येच हात वर करायचा, गप्प बसा म्हणून, आणि स्वयंपाकघराकडे कान लावायचा. "बशीवर कप ठेवल्यासारखं वाजलं ना?" मला कधी वाजलेलं ऐकू आलं नाही. पण खरं सांगते, दिवेलागणीला त्या घरात बसायचं मी टाळायची, आणि टाळते हे कुणाला कळू द्यायची नाही.

पुढे काळ बदलला. काळ्या-गोऱ्यांना सारखं वागवायचे कायदे झाले. पेल्टनवाल्यांनी एके दिवशी पाटी उतरवली. वाजतगाजत नाही, गुपचूप. पहाटे बघतात तर नाही. खांब मात्र तसाच ठेवला, आणि काही वर्षांनी गावच्या बायकांनी त्यावर फुलांची टोपली लटकवली. मी मामाला म्हटलं, आता चल. तो हो म्हणाला. मेच्या अखेरीला आम्ही दोघं गेलो, माझ्या गाडीनं. भिंतीपाशी बसलो. ऊन पिवळं झालं तसा मामाचा हात गवतावर काहीतरी चाचपायला लागला. हॅट चाचपत होता. मी काही बोलायच्या आत तो उठला होता.

"मामा, पाटी काढून किती वर्षं झाली!"

"पाटी काढली गं," तो म्हणाला. "खांब आहे की अजून."

दुसऱ्या वर्षी तेच. पुढच्या वर्षी तर मी हॅट गाडीच्या डिकीत कोंडून ठेवली, तर म्हातारा बोडक्या डोक्यानं चालत सुटला. मी चिडले. बस चालवणाऱ्या बाईला चिडता येतं, तो आमच्या नोकरीचाच भाग. घरी येईपर्यंत मी त्याला बोलत होते, की तू भित्रा आहेस, की तुझ्यासारख्यांमुळेच त्यांचं फावलं. त्या वर्षी आईही सोबत आली होती, मागच्या सीटवर होती. ती म्हणाली, "नेटा, ज्याचं तोंड दुधानं पोळलंय तो ताक फुंकून पिणारच. तू गप गाडी चालव."

नव्वद साली आई गेली. बशी मी फोडली. त्याच आठवड्यात मामा माझ्या दारात आला. हातात तो कप, ठिकठिकाणी दुमडलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

"आता तूच उरलीस," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे काय ते तुला कळतंय. आईनं रुबीला नेलं, पोराला नेलं, आयडेलाला नेलं. तिला तिचा कप पाहिजे आणि तिला मिळतंय भलतंच. मी तर इथं बसलोय, मला का नाही नेत विचार. कारण कप माझ्या हातात आहे. मी गेलो तर तिला तो देणार कोण?"

मी म्हटलं, असलं वेड्यासारखं बोलू नको. पण कप घ्यायला मी हात पुढे केला नाही. आत येऊन त्यानं मका-पाव आणि तळलेला मासा खाल्ला, आणि ताट स्वतः धुऊन ठेवलं.

मेच्या शेवटच्या रविवारी आम्ही निघालो. त्या दिवशी सगळेच लोक थडग्यांवर फुलं घालायला जातात, म्हणून पेल्टनच्या दफनभूमीत गर्दी होती, घडीच्या खुर्च्या, लिंबूसरबत. आमच्याकडे दोन-चार माना वळल्या आणि परत फिरल्या. हळूहळू लोक पांगले. आम्ही भिंतीजवळ चादर टाकून बसलो. कप मधोमध ठेवला. मनोऱ्याची सावली अजून दूर होती, मोठमोठ्या संगमरवरी दगडांवर.

ऊन पिवळं झालं. मामाचा हात उठला. मी तो धरला. मी दोन्ही हातांनी दाबून धरला आणि त्याला बोलत ठेवलं. क्रेब्सबाईंची नक्कल करायला लावली. त्यानं केली, घाम पुसत पुसत. "अरे लॉन्झो, हातभर तर राहिलंय!" आणि खरंच हातभर राहिलं होतं. सावली शेवटच्या दगडांच्या रांगेतून बाहेर पडून आमच्या गवतात उतरली होती. मामाचे ओठ हलत होते. पण तो बसला होता. माझा मामा बसला होता! मला वाटलं, झालं. आज होणार.

तेवढ्यात गवत कापायच्या गाडीवरून एक माणूस आला. तिशीचा, ढेरपोट्या, उन्हानं लाल झालेला. दफनभूमीची राखण करणारा, डेल नाव त्याचं, हे मला नंतर कळलं. त्यानं गाडी बंद केली, टोपी काढली आणि अगदी अदबीनं म्हणाला,

"साहेब, तुम्हाला उठवायला जिवावर येतंय, पण सूर्य मावळायच्या आत बाहेर पडावं लागेल."

त्या गावात माझ्या मामाला कुणी साहेब म्हणण्याची ती पहिली वेळ.

मामाचा हात माझ्या हातातून निसटला. कसा निसटला ते मला आजही सांगता येणार नाही, मी घट्ट धरला होता. "हो साहेब," मामा म्हणाला. हॅट डोक्यावर होती. तो उभा होता. "हो साहेब, निघालोच," आणि तो फाटकाकडे चालायला लागला. शहात्तर वर्षांचा माणूस, एरवी गुडघ्यांना शिव्या घालत चालणारा, आणि आता पोरासारखा झपझप चालला होता. मी हाका मारल्या. त्यानं वळून बघितलं नाही.

मग मी डेलकडे वळले, आणि माझ्या बसमधली सगळ्यात वांड पोरं माझ्या ज्या आवाजाला भितात तो आवाज काढला.

"काय म्हणालास तू? परत म्हण!"

"अहो बाई, नियम आहे, सगळ्यांनाच आहे," तो गांगरला. "फाटकावर लिहिलंय बघा. संध्याकाळी पोरं घुसतात, बाटल्या फोडतात, दगड पाडतात. म्हणून समितीनं... अहो, मी काही वाईट बोललो का?"

"आम्ही बाटल्या फोडणाऱ्यातले दिसतो?"

"नाही हो बाई!"

खरं तर आम्ही फोडायलाच आलो होतो, हे मला तेव्हा सुचलं आणि हसू यायच्या ऐवजी रडू आलं. त्याच्यावर राग धरावा तर त्याला खरंच काही ठाऊक नव्हतं. ठाऊक नसणं किती सुखाचं असतं ते मी त्याच्या तोंडावर पाहिलं, आणि मला त्याचा आणखी राग आला.

"आणि इथं कशाला बसलात?" तो चाचरत म्हणाला. "इथं कुणीच नाहीये. ही जागा रिकामी आहे. माझ्या बापानंही इथंच राखण केली, तोही रिकामीच म्हणायचा."

"तू उभा आहेस तिथं माझी आजी असेल," मी म्हटलं. "नसली तर तिची शेजारीण. ती रोज सूर्य मावळल्यावर इथंच असते. तिला काढ आधी बाहेर, मग मी जाते."

त्यानं खाली बघितलं. गवताकडे, मग आपल्या बुटांकडे. मग एक पाय उचलला, दुसरा उचलला, आणि मागं मागं सरकत त्या पट्टीच्या बाहेर जाऊन उभा राहिला. टोपी हातातच होती. मग गाडी तिथंच सोडून पायीच फाटकाकडे निघून गेला.

मी एकटी उरले. सावली आली. गवतावरून आली, चादरीवरून गेली, भिंतीला टेकली, आणि भिंतीवर काळा क्रूस उभा राहिला, मामानं सांगितला होता तस्साच, एका मोठ्या पांढरट दगडावर. क्षणभर होता. मग सगळीकडेच सावली झाली आणि तो दिसेनासा झाला. मी त्या दगडाखाली गुडघ्यांवर बसले. "आजी," मी म्हटलं. कधी न पाहिलेल्या बाईला हाक मारायची मला लाज वाटली. भिंतीतून एक दगडाचा तुकडा ओढून काढला, कप पालथा धरला आणि बुडावर हाणला. बूड सुटून गवतात पडलं. कप तिच्या उशाशी ठेवला. "उशीर झाला," मी म्हणाले. "पण त्याची चूक नाही."

परतताना फाटक उघडं होतं आणि अंधार पडत होता. मामा मला पुलापलीकडे भेटला, कठड्यावर बसलेला, खांबाकडे पाठ करून. मी गाडी थांबवली. तो आत बसला.

"सापडली?"

"सापडली. पांढऱ्या दगडाखाली."

"फुटला?"

"बूड सुटलं. काठ शाबूत आहे."

त्यानं मान हलवली. हॅट काढून मांडीवर ठेवली. मग लहान पोरानं विचारावं तसं विचारलं, "नेटा, काळोख कसा असतो गं तिथं?"

ज्या गावच्या भिंतींवरची फुलंन् फुलं त्याला पाठ होती, त्या गावचा काळोख त्याला माहीत नव्हता. मी सांगितलं. "काजवे होते, मामा. भिंतीपाशी नुसते काजवेच काजवे."

"हां," तो म्हणाला. "होते. आमच्या अंगणातही यायचे. विसरलोच होतो."

त्यानंतर त्याच्या स्वयंपाकघरात काही वाजलं नाही, निदान तो तसं म्हणाला नाही. पुढच्या जानेवारीतच तो गेला, झोपेत, अगदी सुखानं. कप दिल्यावर त्याला थांबायचं कारण उरलं नव्हतं, असं बॉटममधल्या म्हाताऱ्या म्हणाल्या. त्याला आजीशेजारी जागा मिळावी म्हणून मी पेल्टनच्या समितीकडे गेले. मला वाटलं होतं भांडावं लागेल. त्यांनी नकाशा बघितला आणि लगेच परवानगी दिली, कारण नकाशात ती ओळ रिकामी होती.

दफन भर दुपारी ठेवलं होतं. पण पुलावर बर्फ धरलं होतं, शवपेटीची गाडी अडकली, आणि जमीन दगडासारखी झाली होती. पाद्री बोलायला उभा राहिला तोवर ऊन कलायला लागलं. त्यानं प्रार्थना आवरती घेतली. गाणं दोन कडव्यांचंच झालं. शेवटची माती पडली तेव्हा मी मामाचा कॉफीचा मग पिशवीतून काढला. ह्या वेळी माती बसायची वाट बघायची नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. बुडावर एक घाव घातला आणि मग उशाशी ठेवला. निळ्या काठाचा कप शेजारीच होता, कुणी हलवला नव्हता. आजूबाजूचं गवत कापलेलं होतं, कपाच्या भोवतीचं मात्र हातानं उपटलेलं दिसत होतं.

डेल फावडं घेऊन दूर उभा होता. तो जवळ आला, टोपी काढली. "बाई," तो म्हणाला, "आज घाई करू नका. फाटक मी उघडंच ठेवतो. हवा तेवढा वेळ थांबा सगळे."

मी त्याचे आभार मानले आणि आपल्या लोकांना सांगायला वळले. मागं कुणीच नव्हतं. खाली रस्त्यावर आमच्या गाड्या ओळीनं पूल ओलांडत होत्या. कुणी कुणाला काही म्हटलं नव्हतं, म्हातारी माणसं म्हणू नका, तरणीताठी पोरं म्हणू नका, पाद्रीसुद्धा. मला न्यायला आलेली शेजारीण गाडी पुलापलीकडे नेऊन तिथं माझी वाट बघत थांबली होती.

मला राग यायला हवा होता. त्या मेमधल्या संध्याकाळी रागानंच मला धरून ठेवलं होतं. आज तो शोधला तर सापडेना. मी डेलला नमस्कार केला आणि निघाले, सावकाश, असं माझ्या मनानं मला सांगितलं. पुलाशी पोचले तेव्हा मला धाप लागली होती आणि बुटांत बर्फ शिरलं होतं, म्हणजे मी पळत आले होते. मामाची हॅट मी दफनभर हातात धरली होती. ती आता माझ्या डोक्यावर होती.

वळून बघितलं. ऊन अजून हातभर उरलं होतं.